प्रगतिपुस्तकाचं दुसरं पान

संपादकांचा फोन आला, "आखातातल्या शाळेतल्या गमतीजमती लिहा की! दिवाळी अंक आहे." मी हो म्हटलं. दोह्यातल्या एका भारतीय शाळेत एकवीस वर्षं लहान मुलांत काढल्यावर गमती नसतील असं होत नाही. लिहायला बसले, दोन-तीन गमती लिहून झाल्या आणि मग पेन भलत्याच वाटेला लागलं. तेव्हा गमती आधी वाचून घ्या. पुढे फारशा नाहीत. नावं मात्र सगळी बदलली आहेत.

मी तिसरीची वर्गशिक्षिका. इंग्रजी शिकवायचे, परिसर अभ्यास शिकवायचे, आणि शिवाय 'व्यक्तिमत्त्व विकास' नावाचं एक लोढणं माझ्या गळ्यात होतं. हे नाव ऐकलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टाय लावून भाषण ठोकणारा माणूस येतो. आठ वर्षांच्या मुलाचं व्यक्तिमत्त्व म्हणजे काय, तर डबा आपला आपण उघडणं, हरल्यावर पट न उधळणं, रडू आलं तर का आलं ते सांगता येणं आणि नको असेल तर 'नको' म्हणता येणं. एवढंच. पण दोह्यात एवढंही सोपं नसतं. घरातला एसी, बसमधला एसी, शाळेतला एसी, असं एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात मूल फिरतं. वाण्याकडे एकटं जाऊन कोथिंबीर आणलेलं एक मूल माझ्या वर्गात कधी नव्हतं. तिसरीत आलेल्या मुली वेणी घालायला डोकं पुढे करून उभ्या राहायच्या, बाईंसमोरसुद्धा. एका मुलाला बुटाची नाडी बांधायला शिकवायला मला दीड महिना लागला. बांधता आली त्या दिवशी तो दिवसभर पायाकडे बघत चालला आणि दोनदा दारावर आपटला.

या सगळ्या विकासाची नोंद प्रगतिपुस्तकाच्या दुसऱ्या पानावर व्हायची. पहिल्या पानावर मार्क. दुसऱ्यावर आत्मविश्वास, सहकार्य, सहानुभूती, स्वावलंबन अशी यादी, प्रत्येकापुढे ए, बी किंवा सी, आणि खाली वर्गशिक्षिकेच्या हस्ताक्षरात दोन ओळींचा शेरा. शेऱ्याबद्दल वरून सक्त सूचना होती की नकारात्मक शब्द एकही नको. मग आम्ही आमचा एक कोशच तयार केला. मूल अखंड बडबडत असेल तर 'व्यक्त व्हायला आवडतं'. दुसऱ्यांना बदडत असेल तर 'भरपूर उत्साह, त्याला योग्य दिशा मिळत आहे'. धडधडीत खोटं बोलत असेल तर 'कल्पनाशक्ती उत्तम'. या कामात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. शेऱ्यांच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये माझ्या टेबलाभोवती रांग लागायची. "मॅम, चावणाऱ्या मुलासाठी एक वाक्य द्या ना!" मी द्यायचे. मला त्याचा अभिमान होता, हे आता लिहितानाही लपवत नाही.

पालकही या पानावर जीव टाकायचे. वेस्ट बेच्या उंच ऑफिसांपैकी एकात मोठ्या हुद्द्यावर असलेले एक ठाण्याचे गृहस्थ ओपन हाऊसला, म्हणजे पालकभेटीला, लॅपटॉप घेऊन आले होते. लेकीचा आत्मविश्वास मागच्या सत्रात ए होता, या सत्रात बी झाला. "मॅडम, नेमकं काय घसरलं? मला पॅरामीटर्स सांगा." मी म्हटलं, तिलाच विचारू या. ती त्यांच्या खुर्चीमागे लपून म्हणाली, "बाबा, कॅन वी गो होम प्लीज?" दुसऱ्या एका आईला मुलाच्या सहानुभूतीपुढे ए हवा होता, कारण तो जुनी खेळणी घरकामाच्या बाईच्या पोरांना देतो. मी ए देऊन टाकला. वाद घालण्यापेक्षा ए स्वस्त पडतो.

गमती संपल्या.

रविवारी, म्हणजे तिकडच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला आमचा 'गोल' असायचा. बाकं मागे सारून सगळ्यांनी जमिनीवर गोल बसायचं. माझ्याकडे सूकमधून, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारातून, घेतलेला वीतभर लाकडी उंट होता. उंट ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बोलून झालं की सगळ्यांनी मिळून एक टाळी. एकच, कमी नाही, जास्त नाही, म्हणजे कोणी मोठा नाही, कोणी छोटा नाही. आणि बोलायचं नसेल तर 'पास' म्हणून उंट पुढे द्यायचा. पास म्हटलं की पुढे काही विचारायचं नाही, चिडवायचं नाही, बाईंनीसुद्धा नाही. हे नियम माझे. गोलात बोललेलं गोलातच राहतं, हाही माझाच नियम.

निवृत्त होण्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. उन्हाळी सुटीनंतर शाळा उघडून आठवडा झाला होता. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, बाहेर अजून भट्टी. त्या रविवारचा विषय होता, 'मला माझं माझं काय करता येतं'. उंट फिरायला लागला. कोणी म्हणालं मॅगी, कोणी म्हणालं नखं कापता येतात, कोणी म्हणालं भावाचा डायपर. टाळ्या पडत होत्या. उंट रेवाकडे आला.

रेवा आमच्या मराठीतली. वडील समीर, एका बांधकाम सल्लागार कंपनीत इंजिनिअर, मूळ पुण्याचे. आई मृणाल, सांगलीकडची. फरीज बिन ओमरान भागात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांमुळे माझी दोघांशी चांगली ओळख होती. समीर मला ताई म्हणायचा. रेवा इतर मराठी घरांतल्या मुलांसारखीच, मराठी सगळं कळायचं पण उत्तर इंग्रजीत. गोलात ती बहुतेक वेळा पास म्हणायची. त्या दिवशी तिनं उंट दोन्ही हातांनी धरला आणि ताठ बसून म्हणाली, "आय कॅन ओपन द बाल्कनी डोअर. नो साउंड. देन आई कम्स इन अँड ड्रिंक्स वॉटर."

मुलांनी टाळी वाजवली. मीही वाजवली. इतकंच नाही, तर 'मला येतं' असं लिहिलेला सोनेरी तारा मी तिच्या गणवेशाच्या पिनाफोरला चिकटवला, स्वावलंबनाचा. ती इतकी खूश झाली की उंट पुढे द्यायचा विसरली.

मला कळलं ते मधल्या सुटीत. गोलातली निरीक्षणं मी वहीत टिपायचे. 'रेवा: बाल्कनीचं दार, आवाज न करता' असं लिहिलं, आणि 'आवाज न करता' पाशी हात थांबला. आठ वर्षांच्या मुलीला आवाज न करता दार उघडायची कला कशाला लागते? आणि आत आलेली बाई आधी पाणी का पिते?

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या तासाला मी तिला जवळ बसवलं आणि मराठीत विचारलं. ती पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलली, अगदी हळू, कामाची माहिती द्यावी तशी. "वरची कडी आहे ना, मॅम, ती आतून लावतात. मी स्टूल आणते. आधी कडीला तेल लावते, दिव्याचं. मग बाबा टीव्ही बघतात तेव्हा उघडते."

"आईला बाहेर कोण पाठवतं?"

"बाबा. आई चुकली की."

"आणि तू दार उघडलंस हे बाबांना कळत नाही?"

"आई पाणी पिऊन परत बाहेर जाते ना. मग मी कडी लावते."

हे वाक्य ऐकल्यावर मी काय बोलले ते मला आठवत नाही. पुस्तक तिच्या हातात दिलं असावं.

आता इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मूल असं काही बोललं तर काय करायचं याचा शाळेत नियम होता आणि तो चांगला होता. एक पिवळा फॉर्म असायचा. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, त्याच दिवशी त्यावर लिहायचं आणि समुपदेशक लीना मॅमच्या हातात द्यायचं. बस्स. चौकशी करायची नाही, आणि पालकांशी तर अवाक्षर काढायचं नाही. कारण सरळ आहे. मूल दुपारी त्याच घरी परत जातं.

हे मी दरवर्षी नव्या शिक्षिकांना शिकवायचे.

फॉर्म माझ्या खणात होता. मी तो बाहेर काढला आणि परत ठेवला. मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगते. फॉर्म गेला की प्रकरण वर जाणार. परका देश. समीरची नोकरी गेली तर तिघंही महिन्याभरात गाशा गुंडाळणार. मृणाल त्याच्या व्हिसावर. मीसुद्धा नवऱ्याच्याच व्हिसावर आले होते, त्यामुळे ते लटकतं राहणं काय असतं ते मला ठाऊक होतं. शिवाय मंडळात सगळीकडे चर्चा. आपली माणसं आहेत, घरातलं घरातच मिटवावं. आणि या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट होती, ती कबूल करायला मला वेळ लागला. मला वाटत होतं, मी बोलले की तो ऐकेल. मी भल्याभल्या पालकांना गोड बोलून वळवलं होतं. आत्मविश्वास: ए.

तरी खात्री करावी म्हणून मी भागवतभाऊंना गाठलं. भागवतभाऊ रेवाच्या बसचे ड्रायव्हर, बीडकडचे. बायको आणि दोन लेकी गावी, ते अकरा वर्षं इकडे एकटे. कुठल्या थांब्यावर कोण घ्यायला येतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसायचं.

"त्या लेकराची माय व्हय?" ते म्हणाले. "आधी रोज खाली यायची. सुटी लागायच्या आधी तिला लंगडताना बघितलं म्या. तळपाय भाजले होते, बाई. म्या इचारलं तर म्हनली, चप्पल घालायची इसरले. आता तर येतच न्हाई. लेकरू एकलंच वर जातंय."

मी त्यांना थोडंसं सांगितलं. त्यांनी बसचं इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "हापिसात लिवून द्या, बाई. तुमचं लिवलेलं चालतं. आमचं कोन वाचतंय?"

"बघते," मी म्हटलं.

त्या शुक्रवारी मंडळाच्या कार्यक्रमाची तालीम होती, अल रय्यानमध्ये एका सभासदाच्या व्हिलात. समीर निवेदन करणार होता. एकटाच आला होता. मृणालला बरं नाही म्हणाला. गोरा, हसतमुख, सगळ्यांच्या मुलांची नावं पाठ असलेला माणूस. सतरंज्या आपण होऊन अंथरत होता. चहाच्या वेळी मी त्याला स्वयंपाकघराच्या दाराशी बाजूला घेतलं.

"समीर, रेवाबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं."

"बोला ना ताई. मस्ती करते का फार?"

"छे रे, गुणी आहे. पण वर्गात बाल्कनीचं काहीतरी बोलली. दार उघडता येतं म्हणाली, आई बाहेर असते म्हणाली. म्हटलं, आपलाच माणूस आहे, सरळ विचारावं. घरात काही ताण आहे का?"

त्याचं हसू तसंच राहिलं. डोळे फक्त एकदा माझ्या मागे कोणी ऐकतंय का ते बघून आले.

"अहो ताई, जुनी बिल्डिंग ती! मृणाल कपडे वाळत घालायला जाते आणि दार ओढलं की कडी पडते. मेंटेनन्सवाल्याला दहादा सांगितलं, रोज इन्शाल्ला म्हणतो. पण बरं झालं तुम्ही मलाच सांगितलंत. दुसरं कोणी असतं तर कुठल्या कुठे नेलं असतं. मी बघतो त्या कडीचं. खलास."

त्यानं वाकून मला नमस्कार केला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. घरी जाताना मी नवऱ्याला म्हटलं, "बोललं की मिटतं बघ."

तालमीनंतरच्या रविवारी रेवाच्या पिनाफोरवर तारा नव्हता. उंट तिच्याकडे आला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"पास."

पुढच्या रविवारी पास. त्याच्या पुढच्याही. नियमाप्रमाणे मी काही विचारलं नाही. नियम सोयीचा होता तिथे मी तो तंतोतंत पाळला. शेवटी मुलं खेळाच्या तासाला खाली गेली असताना ती वर्गात एकटी मागे राहिली. बुटाची नाडी बांधत होती, बांधलेलीच परत परत. मी बाजूला जाऊन बसले तेव्हा ती नाडीकडेच बघत म्हणाली, "नाउ देअर इज अ लॉक, मॅम. की इज विथ बाबा."

मग थोड्या वेळानं मराठीत म्हणाली, "आता मला नाही उघडता येत."

त्यात तक्रार नव्हती. माझ्यावर आरोपही नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. तिला या जगात एक गोष्ट येत होती. ती तिची तिनं शोधली होती. स्टूल, दिव्याचं तेल, टीव्हीचा आवाज, सगळी अक्कल तिची. मी तिला तारा दिला आणि मीच ते दार बंद केलं.

तेव्हा तरी मी पिवळा फॉर्म भरायला हवा होता. मी बसले होते भरायला, खोटं नाही सांगत. पण त्या फॉर्मवर पहिला प्रश्न होता, मुलानं हे प्रथम कधी सांगितलं. आणि तिसरा प्रश्न, आपण याबाबत कोणाशी बोललात का. पहिल्याचं उत्तर होतं तीन आठवड्यांपूर्वी, तिसऱ्याचं होतं तिच्या बापाशी. मी, जी इतरांना हा फॉर्म शिकवत होते. दोन वर्षांवर निवृत्ती आलेली. लाज वाटली, भीतीही वाटली. किती टक्के लाज आणि किती भीती, ते मला अजून वेगळं करता आलेलं नाही. मी फॉर्म चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला.

बसपाशी भागवतभाऊंनी विचारलं, "दिलं का लिवून?"

"देते आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. सलाम करायचे, पण नजर दुसरीकडे.

त्याच आठवड्यात पहिल्या सत्राची प्रगतिपुस्तकं लिहायची होती. रेवाचं दुसरं पान माझ्यासमोर आलं. आत्मविश्वास, सहकार्य, स्वावलंबन. हे पान समीर वाचणार होता. एकही शब्द इकडचा तिकडे झाला तर त्याची किंमत घरात कोण मोजेल, ते मला आता पुरतं कळलं होतं. मग मी माझी सगळी कला पणाला लावली. स्वावलंबनापुढे बी टाकला, ए दिला असता तर त्यानं विचारलं असतं, कशाबद्दल. आणि खाली माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'शांत, समाधानी आणि गुणी मुलगी. घरचं वातावरण प्रेमळ आणि सुरक्षित असल्याचं तिच्या वागण्यातून दिसतं.'

मला वाटलं, हे वाचून तो निवांत होईल आणि थोडे दिवस त्या दोघींना बरे जातील. शेरा लिहून मी त्यावर टीपकागदासारखा हात दाबून धरला. त्या पानाइतकं काळजीपूर्वक मी कुठलंच पान लिहिलं नसेल.

ओपन हाऊसला समीर एकटाच आला. उभ्यानंच पान वाचलं. "शुक्रन, ताई," म्हणाला, "किती सुंदर लिहिता तुम्ही!"

डिसेंबरच्या सुटीत ते तिघं भारतात गेले. जानेवारीत समीर एकटा परत आला आणि ऑफिसातून रेवाचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेला. मृणालचा व्हिसा त्यानं रद्द करून टाकला होता. मंडळात कळलं ते असं की, मृणालच्या डोक्यावर परिणाम झालाय, ती माहेरी आहे, आणि रेवाला समीरच्या आईवडिलांनी पुण्यात ठेवून घेतलंय. "बिचारा समीर," असं सगळे म्हणाले. त्या वर्षीचं निवेदनही त्यानंच केलं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं.

निवृत्त होऊन मी नाशिकला परतले. चार-सहा महिन्यांनी एक अनोळखी नंबर आला. मृणाल. आवाज ओळखू येईना.

"ताई, रेवाच्या ताब्यासाठी केस लावलीय. माझ्याकडे कागद काहीच नाही. पाय भाजले तेव्हा डॉक्टरकडे त्यानं जाऊच दिलं नव्हतं." ती थांबली. "रेवा मला म्हणाली होती, मी मॅमना सगळं सांगितलंय. शाळेत सगळं लिहून ठेवतात ना, ताई? तुम्ही लिहून ठेवलं असेल ना?"

मी खुर्चीत बसले. "नाही गं," म्हटलं.



"बरं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं तुम्ही लिहिलं असेल."

मी शाळेला पत्र लिहिलं, लीना मॅमना सगळं कबूल केलं. त्या मला लागेलसा एक शब्दही बोलल्या नाहीत. पण नोंद नव्हती ती नव्हती. मागची तारीख घालून पिवळा फॉर्म त्या तयार करणार नव्हत्या, आणि ते बरोबरच होतं. मग मीच मृणालला म्हटलं, मी येते साक्षीला.

गेल्या जानेवारीत पुण्याच्या कोर्टात उभी राहिले. मृणालच्या वकीलबाईंनी विचारलेलं सगळं मी सांगितलं. बाल्कनी, कडी, तेल, पाणी, कुलूप. समीरला मी स्वतः सांगितलं तेही सांगितलं. समीर समोर बसला होता, दाढी राखलेला, हात बांधून. मग त्याचे वकील उठले. सभ्य, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी एक कागद माझ्यापुढे धरला. प्रगतिपुस्तकाचं दुसरं पान, प्लास्टिकच्या पाकिटात.

"हे अक्षर आपलंच का, बाई?"

"हो."

"सही?"

"माझीच."

त्यांनी शेरा मोठ्यानं वाचला. प्रेमळ आणि सुरक्षित. कोर्टात तो शेरा फार चांगला वाटत होता. मी लिहिलेले सगळेच शेरे चांगले वाटायचे.

"म्हणजे मुलीनं आपल्याला जे सांगितलं म्हणता, त्यानंतर आपण हे लिहिलंत. बाई, आपण तेव्हा खोटं लिहिलंत, की आता खोटं बोलताय?"

"तेव्हा," मी म्हटलं.

"एकवीस वर्षांत असे किती शेरे लिहिलेत आपण?"

उत्तर त्यांना नकोच होतं. ते बसले. बाहेर आल्यावर मृणालच्या वकीलबाई म्हणाल्या, त्यांच्या बाजूला तो एकच कागद आहे, पण आपल्या बाजूला एकही नाही. तूर्त मुलगी आजीआजोबांकडेच राहील, महिन्यातून दोनदा आईला तासभर भेट. मृणाल भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझे हात हातात घेतले, राग नाही, काही नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. भागवतभाऊ म्हणाले होते ते खरं होतं. माझं लिहिलेलं चालतं.

रेवा व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसली होती, आजी शेजारी. अकरा वर्षांची झाली आहे, उंच झालीय, वेणी आपली आपण घातल्यासारखी, जराशी तिरकी. आजी पाणी आणायला उठल्या तेवढ्यात मी तिच्याजवळ जाऊन बसले. बोलायचं बरंच ठरवून आले होते. तोंडातून निघालं ते एवढंच.

"कशी आहेस, रेवा? घरी सगळं ठीक आहे ना?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. ओळख पटली होती, आल्यापासूनच पटली असणार. मग दोन्ही हात मांडीवर एकत्र आणले, जसे गोलात उंट धरायला आणायची तसे.

"पास, मॅम," ती म्हणाली.

मी पुढे काही विचारलं नाही. आजी पाणी घेऊन आल्या, मी उठले आणि त्यांना जागा करून दिली.